तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे

शहापूर-मुरबाड पट्ट्यातील सापगावसारख्या गावांत तिन्हीसांजेला हरिपाठाचे सूर कानी पडावेत, यात नवल असे काही नाही. दिवसभराची कामे उरकून माणसे देवळात जमतात, टाळ हाती घेतात आणि मुखोद्गत असलेले अभंग पुन्हा एकदा म्हणतात. नवे काही ऐकायला मिळेल म्हणून तेथे कोणी येत नाही. तेच शब्द रोज उच्चारावेत, ते मनात मुरत जावेत आणि एखाद्या दिवशी त्यांतला एखादा चरण आपल्याच जगण्याविषयी बोलू लागावा, एवढीच अपेक्षा असते. संतवचनाचे बोट धरून देवासमोर बसण्याची ही रीत महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या जपली. ख्रिस्ती मठांतही पवित्र ग्रंथातील थोडासा भाग सावकाश वाचायचा, त्याचे मनन करायचे आणि मग निःशब्द होऊन देवाच्या सान्निध्यात राहायचे, अशी प्रार्थनेची प्राचीन परंपरा आहे. मात्र मराठी संतांची वाणी ही ख्रिस्ती उपासकाचीही शिदोरी होऊ शकते, हे ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले, त्यांच्या बालपणाची काही वर्षे याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला गेली. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मराठी वाचकाला टिळकांची ओळख दोन वाटांनी होते. फुलामुलांचे कवी म्हणून शालेय वयात ते भेटतात. पुढे लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून ते घरातले, संतापी, प्रेमळ आणि कमालीचे अव्यवहारी गृहस्थ म्हणून दिसतात. या दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आड तिसरी ओळख झाकली गेली. टिळक हे एक साधक होते. आपल्या परंपरेतील संतांना सोबत घेऊन नव्या धर्माच्या गाभाऱ्यात शिरण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यासाठी दोन्हीकडचा रोष पत्करला.

कल्याण ते नाशिक

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. लोकमान्य टिळक आणि ते समकालीन. आडनाव एकच, वाटा मात्र भिन्न. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई मात्र हळव्या, भाविक वृत्तीच्या होत्या. मुलाच्या मनात भक्तीचे आणि कवितेचे बीज रुजले ते आईमुळे. १८६९ ते १८७३ या काळात नारायणाचे शालेय शिक्षण कल्याणला झाले. आई गेल्यानंतर या मुलाचे घरात मन रमले नाही. कोवळ्या वयात घर सोडून त्याने नाशिक गाठले.

कल्याणहून नाशिकला जाणारी वाट शहापूर मागे टाकत, थळ घाट चढून जाते. आज वाहनाने काही तासांत संपणारे हे अंतर त्या काळी एका पोरक्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलणारे ठरले. नाशिकला गणेशशास्त्री लेले या विद्वानांच्या घरी त्याला आसरा आणि विद्या दोन्ही मिळाले. संस्कृत काव्याचे संस्कार येथे झाले. त्यानंतर दोन वर्षे इंग्रजी शाळेत काढून औपचारिक शिक्षण संपले. घरचा भार अंगावर आला होता आणि पोटापाण्याचा प्रश्न पुढे उभा होता.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. वधूचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत टिळक एका गावी स्थिर असे राहिलेच नाहीत. कुठे शिक्षक, कुठे पौराणिक, कुठे छापखान्यात जुळारी. एक नोकरी सोडायची, दुसऱ्या गावी जायचे आणि बिऱ्हाड मागून यायचे, असा तो क्रम होता. या भटकंतीची झळ सर्वाधिक लागली ती लक्ष्मीबाईंना.

१८९१ मध्ये नागपूरला टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. धनिक अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला. ‘ऋषी’ नावाचे मासिक काढून धर्मविषयक प्रश्नांची चर्चा त्यांनी सुरू केली. वरवर पाहता सारे स्थिरावत होते. परंतु आत खळबळ होती. जातिभेदाने पोखरलेला समाज पाहून त्यांचे मन अस्वस्थ होई. देव एक आहे, सारी माणसे त्याची लेकरे आहेत, म्हणून ती एकमेकांची भावंडे आहेत, अशा मोजक्या तत्त्वांवर उभा असलेला धर्म त्यांना हवा होता. तो कोणत्या ग्रंथात सापडेल, हे ठाऊक नव्हते.

रेल्वेच्या डब्यातील भेट

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी सहप्रवासी होते. बोलणे निघाले ते संस्कृत कवींवरून. वॉर्ड यांनी वाद घातला नाही. त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून टाकले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही. मात्र पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला.

वाचताना खुणा करीत जाण्याची त्यांची पद्धत होती. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. शत्रूवर प्रेम करा, नम्र माणसे धन्य होत, अंतःकरण शुद्ध असेल त्याला देव दिसेल, हा त्या प्रवचनाचा आशय. गाथा आणि ज्ञानेश्वरी यांच्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. टिळकांच्या धर्मांतराचे मर्म येथेच आहे. परधर्माच्या प्रचारकाने त्यांना वादात हरवले नव्हते. जे आधीपासून ऐकू येत होते, तेच त्यांना दुसऱ्या मुखातून अधिक जवळून ऐकू आले होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्ड यांचे भाकीत खरे ठरले. पण घर मोडले. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जातीच्या दृष्टीने त्याचा मृत्यूच. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नवरा जिवंत असून दुरावलेला आणि संसार ऐन तारुण्यात अर्ध्यावर थांबलेला, अशी सुमारे साडेचार वर्षे त्यांनी काढली. टिळकांनी धर्म निवडला; त्या निवडीची किंमत मात्र ज्या व्यक्तीला कोणी विचारले नव्हते, तिनेही मोजली. टिळकांचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून चालत नाही.

पुढे दोघे अहमदनगर परिसरात पुन्हा एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे-ओवळे सांभाळले, टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच सोडवला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पतीमागे फरफटत जाऊन नव्हे, तर आपल्या पायांनी चालत त्या तेथे पोहोचल्या.

चार पायऱ्या

अहमदनगर हे तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळकांनी तेथे धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले, नगर आणि राहुरीच्या खेड्यापाड्यांतून प्रचारकार्य केले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. रेव्हरंड ही उपाधी त्यांच्या नावामागे कायमची जोडली गेली. मात्र चर्चमधील उपासना त्यांना अपुरी वाटत होती. इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, परंतु त्यांचा श्वास मराठी नव्हता. दुष्काळाने आणि गरिबीने पिचलेला नगर जिल्ह्यातील नवा ख्रिस्ती माणूस ती गीते म्हणत असे. पण दुःखाच्या घटकेला त्याच्या ओठी आपसूक येई तो अभंगच.

ख्रिस्ती भक्तीला मराठी छंदात बसवण्याचा प्रयत्न यापूर्वी झाला नव्हता असे नाही. मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठी भाषेच्या गौरवाचे एक शिखर मानला जातो. फरक एवढाच, की स्टीफन्स यांनी ओवी परिश्रमाने आत्मसात केली. टिळकांना ती वारशाने मिळाली होती.

या वारशाचे काय करायचे, हा प्रश्न टिळकांपुढे होता. धर्मांतरित माणसाने मागचे सारे टाकून द्यावे, अशी दोन्ही बाजूंची अपेक्षा असते. सोडलेला समाज म्हणतो, आता आमच्या संतांवर तुझा हक्क नाही. स्वीकारलेला समाज म्हणतो, आता तुला त्यांची गरज नाही. टिळकांनी दोघांचेही ऐकले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघडपणे सांगत. पलीकडच्या तीरावर पोहोचल्यावर पूल पाडून टाकण्याची बुद्धी त्यांना झाली नाही. यहुदी संदेष्ट्यांचे ग्रंथ जसे येशूच्या आगमनाची तयारी करणारे मानले जातात, तशीच हिंदू संतांची वचने ही आपल्यापुरता पहिला जुना करार होत, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळात एका ख्रिस्ती पाळकाने असे म्हणणे हे साधे धाडस नव्हते.

ही भूमिका केवळ वैचारिक नव्हती. तिच्यातून प्रार्थनेची एक रीत घडत गेली. भक्तिमार्गातील चार अवस्था वारकरी माणसाला परिचित आहेत. सलोकता म्हणजे देवाच्या लोकी वास. समीपता म्हणजे त्याच्या निकट असणे. सरूपता म्हणजे त्याच्यासारखे होणे. सायुज्यता म्हणजे त्याच्याशी जोडले जाणे. या चार शब्दांनी आपल्याला ख्रिस्ताच्या वचनांचा अर्थ उलगडला, असे टिळकांनी नमूद केले आहे. द्राक्षवेल आणि तिचे फाटे हा शुभवर्तमानातील दृष्टांत घ्या. फाटा वेलीत राहिला तरच त्याला फळ येते. हा दृष्टांत पाश्चात्त्य प्रवचनकार आज्ञापालनाच्या अंगाने समजावून देई; सायुज्यतेचा संस्कार घेऊन आलेल्या टिळकांना त्यात साक्षात एकरूपतेची वाट दिसली.

म्हणूनच त्यांच्या ‘अभंगांजली’तील ख्रिस्त हा दूरच्या सिंहासनावर बसलेला न्यायाधीश नाही. तो सखा आहे, गुरू आहे आणि मुख्य म्हणजे माउली आहे. विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्या परंपरेतूनच हे संबोधन येऊ शकत होते. या रचनांतून भक्त आणि ख्रिस्त यांचा अखंड संवाद चालतो. त्यात रुसवा आहे, लाज आहे, आपल्या अपात्रतेची बोच आहे आणि शेवटी मौन आहे. सिद्धान्त फार थोडा. रोज एक अभंग घ्यावा, तो गुणगुणावा आणि त्याच्या सोबतीने शांत बसावे, अशा वापरासाठी त्या रचना जणू घडल्या आहेत. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांना मोठे स्थान मिळाले आणि रविवारच्या उपासनेत ती पिढ्यानपिढ्या म्हटली गेली.

कीर्तनाबाबतही हेच झाले. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आधीपासून होती. टिळकांनी आपल्या काव्यशक्तीने आणि वक्तृत्वाने तिला नवा जोर दिला. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सारे तेच. आख्यान मात्र येशूचे.

घर नावाची धर्मशाळा

टिळकांचे अध्यात्म देवघरात कोंडलेले नव्हते. त्यांच्या घरात परक्या मुलांचा सतत राबता असे. दुष्काळात पोरकी झालेली, कुणी टाकलेली, शिकायला आलेली अशी कितीतरी मुले तेथे वाढली. बालकवी म्हणून पुढे कीर्ती मिळवणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे त्यांच्याच छत्राखाली काही काळ राहिले. बालकवींच्या प्रतिभेला या घरात मायेची ऊब मिळाली.

या औदार्याला हिशेबाची जोड नव्हती. हाती आलेला पगार घरी पोहोचेपर्यंत शिल्लक राहीलच, याची खात्री लक्ष्मीबाईंना कधी देता आली नाही. संताप आला की टिळक घर सोडून निघून जात, राग ओसरला की लहान मुलासारखे परत येत. विश्वबंधुत्वाची स्वप्ने पाहणाऱ्या या माणसाच्या संसाराचा गाडा ओढला तो लक्ष्मीबाईंनीच. संतपण आणि संसार यांतील हा ताण तुकोबांच्या घरातही होता, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. टिळकांनी तुकोबांकडून अभंग घेतला, तसा हा ताणही नकळत घेतला असावा.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांनी सांभाळले. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला पारखे होणे नव्हे, हे त्यांनी लेखणीतून सातत्याने मांडले. हिंदी ख्रिस्ती समाजाने परदेशी पैशावर आणि परदेशी नेतृत्वावर किती काळ विसंबायचे, हा त्यांचा प्रश्न मिशनमधील अनेकांना अडचणीचा वाटत होता. टिळकांना अडचण वाटत होती ती आपल्याच पगाराची.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्याचा रस्ता धरला. ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचे त्यांनी ठरवले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने एका बंधुसंघाची कल्पना मांडली. येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही त्यात स्थान होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच पंक्तीला बसणार होते. धर्मांतराच्या नोंदवहीपेक्षा अंतरीचा भाव मोठा, हे त्यामागचे सूत्र. पंढरीच्या वाळवंटात जातिभेद विसरून एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्यांचे चित्र या कल्पनेमागे उभे दिसते.

या दरबाराने मूलभूत प्रश्न उभा केला. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ताचा शिष्य होता येते का? चर्चच्या दृष्टीने हे आव्हान होते. हिंदू समाजाच्या दृष्टीने ती धर्मांतराची नवी युक्ती होती. टिळकांना मात्र यापैकी काहीच अभिप्रेत नव्हते. परंतु आपले म्हणणे सिद्ध करून दाखवण्यास त्यांना वेळ मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन ठेवण्यात आल्या. मृत्यूनंतरच्या या व्यवस्थेतही त्यांनी दोन्ही परंपरांची गाठ बांधून ठेवली. त्यांच्यामागे ‘देवाचा दरबार’ संस्था म्हणून टिकला नाही.

मागे उरलेले काम

येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते. मोजके अध्याय लिहून ते राहिले. ते काम लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला लिहिणे-वाचणे जेमतेम येत होते, तिने पतीच्या अपूर्ण ग्रंथाचा बहुतांश भाग रचला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र म्हणून ‘स्मृतिचित्रे’चे मराठीतील स्थान तर आज वादातीत आहे.

टिळकांनी उघडलेल्या वाटेने इतरही चालत गेले. त्यांच्या निधनाच्याच वर्षी, १९१९ मध्ये, स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी मराठी संतांच्या १०८ रचनांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. टिळकांच्या एका पदाचा मॅकनिकल यांनी केलेला अनुवाद इंग्रजी गीतसंग्रहांत जाऊन पोहोचला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी १९२६ पासून मराठी संतकवींवरील इंग्रजी ग्रंथमाला सुरू केली. एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास त्या मालेतून जगापुढे गेले. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रमवजा संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. हा संघ नंतर पुण्यात स्थिरावला. तेथे १९२७ मध्ये आलेले तरुण धर्मोपदेशक व्हेरिअर एल्विन यांनी मध्ययुगीन इंग्रज गूढवाद्यांच्या ध्यानमार्गावर १९३० मध्ये पुस्तक लिहिले. त्या ख्रिस्ती प्रार्थनेसाठी त्यांनी शब्द निवडला तो ‘ध्यान’. पुढे आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून नाव मिळवलेले एल्विन ते हेच.

म्हणजे टिळक तुकोबांना घेऊन ख्रिस्ताकडे गेले आणि त्यांच्यानंतर आलेल्या माणसांनी युरोपातील गूढवादी संतांना भारतीय साधनेच्या भाषेत वाचायला सुरुवात केली. धर्मांतर या शब्दाभोवती आज जो संशय आणि जो गलका आहे, त्यात टिळकांचे चरित्र सहजी बसत नाही. कोणत्याही बाजूला ते पुरते सोयीचे नाही. स्वधर्म सोडणारा म्हणून त्यांच्यावर ठपका ठेवावा, तर त्यांनी तुकोबांना अखेरपर्यंत सोडले नाही. परधर्माचा विजय म्हणून त्यांना मिरवावे, तर त्यांनी त्या धर्माच्या संस्थेचा पगार नाकारला. संतांच्या वाणीवर जातीची, पंथाची किंवा धर्माची मालकी असते का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि त्याचे उत्तर वादविवादाने न देता अभंगाने दिले होते.

अहिल्यानगरच्या एखाद्या चर्चमध्ये टाळांच्या साथीने टिळकांचे पद सुरू होते आणि सापगावच्या वाटेवरच्या एखाद्या देवळात हरिपाठ. दोन्हीकडच्या माणसांची एकमेकांशी ओळख नसते. ठेका मात्र एकच असतो.